वय हा फक्त आकडा नव्हता

गुलाम म्हणून जन्म, वयाची पासष्टी उलटल्यावर पॅरिसच्या सोर्बोनमधून डॉक्टरेट. ॲना ज्युलिया कूपरची गोष्ट सहसा एवढीच सांगतात आणि खाली ओळ टाकतात: वय म्हणजे फक्त आकडा! मला या ओळीचा राग येतो.

पदवीला उशीर का झाला, ते विचारा ना. १८५८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात ती जन्मली. शाळेत ग्रीकचा वर्ग पाद्री होऊ घातलेल्या मुलांसाठी होता, तिथे तिने भांडून जागा मिळवली. ओबर्लिन कॉलेजातून १८८४ मध्ये बीए, १८८७ मध्ये एमए. म्हणजे तिशीच्या आतच तयारी पूर्ण. मधली चाळीसेक वर्षं कुणी खाल्ली?

१९०२ मध्ये ती वॉशिंग्टनमधल्या एम स्ट्रीट हायस्कूलची मुख्याध्यापिका झाली. ही कृष्णवर्णीय मुलांची सरकारी शाळा. यांना सुतारकाम, शिवणकाम शिकवा, लॅटिन कशाला, असं तेव्हाच्या बऱ्याच शहाण्यांचं मत होतं. (गरिबांच्या मुलांबद्दल हे मत तुम्हीही ऐकलं असेल, आता त्याला ‘स्किल’ म्हणतात.) हाताच्या कामाला कूपरचा विरोध नव्हता. कुणी काय शिकायचं हे कातडी बघून ठरवायला होता. तिची मुलं हार्वर्डला, येलला पोचली. आणि १९०६ मध्ये तिचं पद गेलं. शाळेच्या शिस्तीपासून तिच्या घरातल्या भाडेकरूपर्यंत सगळ्याची चर्चा झाली. चार वर्षांनी तीच शाळा तिला परत बोलावते, पण साधी शिक्षिका म्हणून. पुढे १९१५ मध्ये नात्यातली पाच पोरकी मुलं तिने घरी आणली. नोकरी, मुलं, आणि उरलेल्या वेळात संशोधन. १९२५ मध्ये प्रबंध पुरा झाला.

त्याचा विषय मात्र कुणी सांगत नाही. समतेची घोषणा देणारी फ्रेंच क्रांती वसाहतींमधल्या गुलामगिरीपुढे कशी वागली, हा तो विषय. हे ‘मोटिव्हेशन’मध्ये बसत नाही, कारण त्यात आरोपी आहेत.

आपल्या माणसांनीही तिला सोडलं नाही. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइसने १९२०च्या ‘डार्कवॉटर’मध्ये तिचं गाजलेलं वाक्य घेतलं. आणि नाव? ‘आपल्यातली एक स्त्री’. तिचं पुस्तक तेव्हा २८ वर्षं छापील होतं, मुखपृष्ठावर मात्र तिनेही नाव घातलं नव्हतं, नुसतं ‘दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीकडून’. पण द्यु बॉइसला ती कोण हे नक्कीच ठाऊक होतं.