पदरावरची माती

अलंकार म्हटला की आपले लक्ष सोन्याकडे आणि रत्नांकडे जाते, आणि मृत्तिकेची आठवण झालीच तर ती घट, पणती अथवा गणेशमूर्ती यांच्या निमित्ताने होते. परंतु पदर खांद्यावर स्थिर ठेवणारा ब्रोच हा जिन्नस मातीचा घडवून, स्वहस्ते रंगवून, वर्षानुवर्षे वापरता येतो, आणि माझ्या फुरसतीचा बराचसा भाग ज्या छंदाने व्यापला आहे तो हाच असल्यामुळे त्याविषयी तपशिलाने लिहिण्याची इच्छा आज आवरत नाही.

ब्रोच ही मुळात कामाची वस्तू आहे. ग्रीक आणि रोमन लोक अंगावरचे वस्त्र खांद्याशी अडकवण्यासाठी धातूचे जे आकडे वापरीत, त्यांच्या कुळातला हा अलंकार. आपल्याकडे सत्येंद्रनाथ टागोर हे १८६४ साली मुंबई इलाख्यात सनदी नोकरीवर रुजू झाल्यानंतर त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत न्याहाळून तिच्यात फेरबदल केले, आणि ‘ब्राह्मिका’ या नावाने बंगाल्यात प्रसृत झालेल्या त्या पद्धतीत डाव्या खांद्यावरच्या चुण्या धरून ठेवण्याचे काम ब्रोचकडे आले. म्हणून मातीचा ब्रोच करणाऱ्याने आधी वस्त्राचा विचार करावा आणि मग रंगाचा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पुष्कळजण शाडूपासून आरंभ करतात. शाडू मऊ असतो, बोटाची रेघ न् रेघ घेतो, त्यावर रंग सुरेख बसतो. परंतु शाडूची मूर्ती भाजत नाहीत, कारण तिने विसर्जनाच्या पाण्यात विरघळावे हीच अपेक्षा असते, आणि ब्रोचकडून आपली अपेक्षा नेमकी उलट असते. न भाजलेली माती टिकतच नाही असे मात्र नव्हे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात एका घराच्या जमिनीखाली मातीच्याच पेटीत ठेवलेली शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत मातीचा बैल सापडला. या साऱ्या वस्तू कच्च्या मातीच्या असूनही तीन हजार वर्षांहून अधिक काळ राहिल्या, कारण त्यांना ना पाऊस लागला ना कोणाचा हात. खांद्यावरच्या वस्तूच्या नशिबी असा बंदोबस्त नाही. तिला घाम, पाऊस, गर्दीतला धक्का हे सर्व सोसावयाचे असते. मातीच्या कणांत बांधलेले पाणी सुटून जाऊन ती पुन्हा चिखल होऊ नये इतकी पालटण्यास साधारण ६०० अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि स्वयंपाकघरातील भट्टी २५० अंशांच्या पुढे सहसा जात नाही. तेव्हा घडवणे आणि रंगवणे घरी करून भाजण्यापुरता कुंभाराचा आश्रय घ्यावा, हेच शहाणपणाचे. पुण्याच्या किंवा धारावीच्या कुंभारवाड्यात कुंडी-पणत्यांच्या मधल्या जागेत चार-दोन चकत्या ठेवू द्याव्यात एवढी विनंती आदराने केली, तर ती बहुधा अव्हेरली जात नाही. मक्याचे पीठ आणि पांढरा डिंक शिजवून केलेला लगदा भाजावा लागत नाही हे खरे, आणि मुलांच्या हातकामास तो पुरेसा आहे. परंतु दमट हवेत तो मऊ पडतो, आणि मातीचा गारवा त्यात नाही तो नाहीच.

खरे कसब वाळवण्यात आहे. मळलेल्या मातीची अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून तिच्यातून इच्छित आकार कापला, की उतावळा मनुष्य तो उन्हात ठेवतो. वरचा पृष्ठभाग आधी सुकून आक्रसतो, खालचा ओलाच राहतो, आणि या दोहोंच्या ओढाताणीत कडा वर उचलल्या जाऊन चकती वाकडी होते, किंवा तिला तडा जातो. याकरिता ती लाकडी फळीवर, सावलीत, ओलसर फडक्याखाली ठेवावी आणि दिवसातून दोन-तीन वेळा उलटीपालटी करावी. माती नखाने दबेनाशी झाली पण अजून गार लागते, ती अवस्था सर्वांत मोलाची: कोरीव रेघा तेव्हाच काढाव्यात, कडा ओल्या बोटाने गोल कराव्यात, आणि गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने पृष्ठभाग घोटावा. भाजून निघेपर्यंत वस्तू एक-दशांशाच्या आसपास आकसते, याचा हिशेब आकार कापतानाच धरलेला बरा. भाजलेल्या खापराची बारीक पूड मातीत मिसळली तर आकसणे कमी होते. कुंभारांचा हा जुना तोडगा घरच्या कामासही तितकाच लागू पडतो. या साऱ्या कामाला श्रम थोडे, पण हजेरी फार लागते. कारखान्यात अशी हजेरी महाग पडते. घरात मात्र कुकरची शिटी आणि धुण्याची बादली यांच्या मधल्या मिनिटात फडके उचलून पाहणारे कोणीतरी असतेच, आणि म्हणूनच ही कला घरास शोभते असे मी मानतो.

रंगकामासाठी आदर्श शोधावयाचा झाल्यास मी सावंतवाडीच्या गंजिफांकडे, म्हणजे खेळण्याच्या पारंपरिक पत्त्यांकडे, बोट दाखवीन. चिंचोक्याची खळ आणि खडू यांच्या थरांनी सिद्ध केलेल्या, तळहातात मावणाऱ्या वर्तुळाकार पानांवर तेथील चितारी दशावतार रंगवतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशे वीस पाने, आणि प्रत्येकात गर्दी न करता अर्थ सांगण्याचे भान. चार सेंटिमीटरच्या वर्तुळात वारली नृत्याची संपूर्ण माळ कोंबण्यापेक्षा तेरड्याचे एक फूल अथवा आघाड्याचा एक तुरा काढावा, आणि मातीचा तांबडा रंग काही ठिकाणी तसाच उघडा राहू द्यावा. सगळा पृष्ठभाग रंगाने झाकला तर मग माती कशाला घेतली, हा प्रश्न उरतो. एक पातळ हात पांढऱ्याचा, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, आणि शेवटी चकाकी नसलेले वार्निश, एवढे साहित्य पुरते.

मागील बाजूकडे दुर्लक्ष करणे हा या छंदातील सर्वत्र आढळणारा दोष होय. पिन मध्यभागी चिकटवली तर ब्रोच पुढे झुकतो. ती वरच्या तिसऱ्या भागात, आडवी बसवावी, चिकटवण्यापूर्वी ती जागा कानशीने खरबरीत करावी, आणि दोन नळ्यांतून येणारा, मिसळून वापरावयाचा डिंक लावून एक दिवस हात लावू नये. इरकली किंवा जाड सुती पदर दहा-बारा ग्रॅमचे वजन सहज पेलतो. तलम रेशमासाठी चकती लहान आणि पातळ हवी, नाहीतर धागा ओढला जाऊन वस्त्राचे नुकसान होते. श्रावणात माती सुकत नाही, वैशाखात तडकते. कार्तिकापासून माघापर्यंतची हवा या कामास सर्वांत अनुकूल, तेव्हा ज्यांचे मन होईल त्यांनी दिवाळीचा पसारा आवरताच कुंभाराकडून किलोभर मळलेली माती मागून आणावी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी.