आबांच्या बुलेटचा सायलेन्सर

गेल्या पोळ्याला आबांच्या बुलेटच्या सायलेन्सरने राम म्हटला. म्हणजे तसा तो दोन वर्षांपासून आजारीच होता. खालच्या बाजूने गंजून चाळणी झाली होती, मी दोनदा वेल्डिंग करून आणलं, तिसऱ्यांदा वेल्डिंगवाल्याने नुसता हातोडीने टकटक करून दाखवला. पत्र्याचा तुकडाच हातात आला. आता नवीन घेणं आलं. साधी गोष्ट वाटली होती. पण या एका सायलेन्सरवरून घरात महिनाभर जे काही चाललं, ते लिहून ठेवावंसं वाटतंय. (ताई, तू वाचत असशील तर पुतण्याला फोन करून चिडवू नकोस, बिचारा आधीच रुसलाय.)

गाडी १९८६ ची, ३५० सीसी, जुनं कास्ट आयर्न इंजिन. आबांनी १९९१ मध्ये सेकंडहँड घेतली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी अँपिअरची सुई मधोमध आणायची, डीकॉम्प्रेशरचा लिव्हर दाबायचा आणि मग मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन पाय टाकायचा. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या पोटरीला गाडी स्वतःच शिकवते.

आधी सायलेन्सर गंजला का ते सांगतो, कारण मलाही हे उशिरा कळलं. मला वाटायचं पावसाने गंजतो. पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणीही तयार होतं. ते वाफेच्या रूपात बाहेर जातं. गाडी लांब चालली तर सायलेन्सर चांगला तापतो आणि आत ओल राहत नाही. पण आमची गाडी हल्ली घर ते शेत आणि शेत ते घर. इंजिन जेमतेम कोमट होतं तोवर पोचलो सुद्धा. मग ती वाफ सायलेन्सरच्या पोटात थंड होते आणि खाली पाणी साचतं. म्हणजे गाडी आतून कुजते, आणि ती आपण कमी चालवतो म्हणून कुजते. आबा दर आठवड्याला काहीतरी काम काढून राजूर घाट उतरून मोताळ्याला जायचे, ते उगाच नव्हतं तर! (आई म्हणते उगाचच होतं.)

तर नवीन सायलेन्सर. पुतण्या वीस वर्षांचा. त्याच्याकडे यादी तयारच होती. पंजाबी, इंदोरी, शॉर्ट बॉटल, ग्लासवूल. प्रत्येकाचा व्हिडिओ मोबाईलवर. त्यातल्या पंजाबीवर त्याचा जीव. "काका, आजोबाची गाडी नदीवरून आली की घरी कळायचं म्हणता ना तुम्ही? मंग तसाच आवाज पायजे ना!"

आता यावर मी काय बोलणार. ही गोष्ट मीच त्याला शंभरदा सांगितलेली. संध्याकाळी आबा पैनगंगेच्या अंगाला आले की आम्हा भावंडांना घरात आवाज यायचा, आणि आम्ही खेळ सोडून पुस्तकं उघडून बसायचो. त्या आवाजाने आमचं निम्मं शिक्षण झालं.

पुतण्याच्या मित्राकडे एक पंजाबी पडून होता. म्हटलं, आठ दिवस लावून बघू. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाच आवडला. बुलढाण्याला जाऊन आलो. रस्त्यात दोन पोरांनी मान वळवून पाहिलं. पन्नाशीच्या माणसाकडे हल्ली कोण मान वळवून बघतं? गाडीला ताकद आल्यासारखं वाटलं. थ्रॉटल जरा पिळला की छातीत धडधड.

पुतण्या म्हणतो की आवाज मोठा असला की लोक बाजूला होतात, घाटातल्या वळणावर समोरच्याला कळतं, म्हणजे ती सुरक्षाच झाली. मी यावर बराच विचार केला. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. आवाज सगळ्यात जास्त जातो तो मागे, जिथून आपण निघून गेलेलो असतो. समोरच्याला सांगायला हॉर्न दिलाय कंपनीने. खरं सांगायचं तर सुरक्षेसाठी कोणी पंजाबी लावत नाही. मजा येते म्हणून लावतात, आणि मजा येते हे कबूल करण्यात लाज नसावी. प्रश्न एवढाच आहे की त्या मजेची किंमत कोण देतो.

चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला घरी आलो. शेजारच्या चाचीकडे महिन्याभराचं नातवंड आहे. मी गाडी अंगणात घेतली आणि वर त्यांची खिडकी बंद झाली. आपटून नाही, हळूच. चाची कधीच काही बोलत नाहीत. आम्ही लहान असताना त्यांच्या ओसरीवर वाढलो, त्या आम्हाला काय बोलणार? पण त्या खिडकीचा आवाज मला पंजाबीपेक्षा मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आणि मी वाद घालत बसलो होतो. आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुह्या आजोबाची गाडी कायची मोठ्ठ्यानं वाजत होती रे? गल्लीच्या तोंडाशीच बंद करत होते ते. लोटत आणत होते घरापर्यंत. तुही पणजी झोपेल राहे म्हणून."

मी चमकलोच. कारण हे खरं होतं, आणि मी साफ विसरलो होतो. अंधारात आबा ती पावणेदोनशे किलोची गाडी हँडल धरून लोटत आणताहेत, चेन हळू टिकटिक करतेय, हे चित्र एकदम डोळ्यासमोर आलं. मग नदीवरून ऐकू यायचं ते काय?

मला वाटतं ऐकू यायचं कारण दुसरं काही ऐकू यायचंच नाही. तेव्हा देऊळघाटात संध्याकाळी रस्त्यावर किती गाड्या होत्या? एखादी एसटी, एखादी दूधवाल्याची राजदूत, बाकी बैलगाड्या. लाईट गेलेली असली की पंखासुद्धा बंद. त्या शांततेत कंपनीचा साधा लांब सायलेन्सर, आतली जाळी शाबूत असलेला, दूरवरून ओळखू यायचा. मोठा होता म्हणून नाही, एकटा होता म्हणून. आता पंजाबी लावून मी तो आवाज परत आणायला निघालो होतो, पण हरवलीय ती शांतता. ती कोणत्याही दुकानात मिळत नाही, दिल्लीच्या करोलबागेतसुद्धा नाही, जिथे म्हणे बुलेटचं काहीही मिळतं.

पुतण्याला हे पटलं नाही. विसाव्या वर्षी मलाही पटलं नसतं. म्हणून त्याला घेऊन बुलढाण्याला उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे आबांच्या काळापासून या गाडीला हात लावणारे एकमेव गृहस्थ. त्यांनी पंजाबीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, प्लग काढला आणि पुतण्याच्या हातात दिला. प्लगचं टोक पांढुरकं. चांगल्या चालणाऱ्या गाडीचा प्लग विटकरी-तपकिरी असतो. जास्त पेट्रोल खाणाऱ्या गाडीचा काळा. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन गरम.

मग त्यांनी समजावलं ते असं. जुन्या गाडीचा कार्बोरेटर, त्यातला जेट आणि सायलेन्सर हे एकमेकांच्या मापाचे केलेले असतात. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढतं, पण जेट तेवढाच राहतो. त्यामुळे बहुतेक वेळा मिश्रण पातळ होतं. नव्या गाडीत कॉम्प्युटर थोडंफार सांभाळून घेतो. इथे कॉम्प्युटर म्हणजे उस्ताद. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थोडी तरी सवलत असते, पण आमच्या गाडीला रेडिएटर नाही, नुसत्या पंख्यांसारख्या पट्ट्या आणि समोरून येणारा वारा. आमचं बुलढाणं घाटावर, इंग्रजांनी थंड हवेसाठी निवडलेलं. पण मे महिन्यात घाट उतरून मलकापूरकडे गेलात की समोरून येतो तो वारा नसतो, भट्टीची वाफ असते. त्यात पातळ मिश्रण म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्वच्या जिवाशी खेळ. उतारावर थ्रॉटल सोडला की जे फटाके वाजतात (पुतण्याला फार प्रिय), त्याचं एक कारण बेंड पाईपच्या जोडातून आत शिरणारी हवा. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं. ती ताकद नाही, ती गळती आहे.

"मंग पावर वाढल्यासारखी कशी वाटते?" पुतण्या.

"वाटते," उस्ताद म्हणाले. "कानाले वाटते. चाकाले नाही वाटत."

याच सुमारास पुण्याच्या आतेभावाचा फोन आला. त्याने कुठूनतरी एक जुनी फोक्सवॅगन बीटल मिळवलीय आणि तोही नेमका एक्झॉस्ट शोधतोय. ही मोटार म्हणजे आमच्या बुलेटची लांबची नातेवाईक समजा. इंजिन मागे, रेडिएटर नाही, सगळं हवेवर. तिचं उत्पादन मेक्सिकोत जुलै २००३ मध्ये थांबलं, तोवर दोन कोटींच्या वर बनल्या होत्या. तिच्यात गंमत अशी की एक्झॉस्टच्या पाईपाभोवती पेट्या असतात आणि त्यातली गरम हवा थंडीत गाडीच्या आत सोडतात. म्हणजे कोणी हौसेने दुसरा एक्झॉस्ट लावला आणि त्या पेट्या काढल्या की हीटरच गेला. आणि पेट्या ठेवल्या पण आतला पाईप फुटका राहिला तर विषारी वायू थेट माणसांच्या नाकात. पुण्यात हीटरची तशी गरज नाही, पण मी त्याला एवढंच सांगितलं की आवाज ऐकून घेऊ नकोस, जोड बसतात का ते बघून घे. कंपनीच्या मापाचा, जाड पत्र्याचा, आणि मागे ओल निघायला छोटं भोक असेल तर उत्तम. ते भोक लोक गळतंय समजून वेल्डिंगने बुजवतात. मीही बुजवलं होतं!

कायद्याचं सांगायचं तर तोही आहेच. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २००५ पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद झाली. नागपूर-पुण्याला पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरच्या रांगा लावून वरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. मला ते फोटो पाहून बरं वाटत नाही, लोखंडाचं वाईट वाटतं. आणि गावात रोडरोलर येणारच नाही हे पुतण्याला माहीत आहे. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे म्हणून मी चाचींच्या खिडकीखाली गाडी लोटत आणू, असंही काही नाही. खिडकी हळूच बंद झाली म्हणून आणतो.

शेवटी घेतला तो साधा, लांब, कंपनीच्या नमुन्याचा, आत जाळी असलेला. एका दुकानदाराने "जाळी फोडून देऊ का, फुकट?" असं प्रेमाने विचारलं, त्याला नमस्कार केला आणि दुसऱ्या दुकानातून घेतला. उस्तादांनी बेंड पाईपचा जोड नवीन केला, टॅपेट बसवले, पॉइंट घासले, टायमिंग लावलं. या सगळ्याला सायलेन्सरपेक्षा जास्त वेळ लागला. मग गाडी स्टँडवर सुरू केली आणि आयडल खाली, अजून खाली आणत गेले. एक ठोका, मग दुसरा, मध्ये श्वास घेतल्यासारखी जागा. तो आवाज पाईपातून येत नव्हता, त्या जड फ्लायव्हीलमधून आणि नीट लागलेल्या टायमिंगमधून येत होता. पुतण्या बघत उभा होता. आवडलं असं म्हणाला नाही, पण मोबाईल काढून रेकॉर्ड केलं.

आता गाडी महिन्यातून दोनदा तरी घाट उतरून येते, सायलेन्सर वाळवायला. कधी मी, कधी तो. एकदा बोथ्याच्या रस्त्याने ज्ञानगंगा अभयारण्यातून गेलो होतो. २०१९ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ याच जंगलात येऊन राहिला होता, तेव्हापासून तिथून जाताना मी उगाच थ्रॉटल कमी करतो. पुतण्या मागे बसला होता. "काका, याले तर मोरही ऐकू येऊन राह्यले," म्हणाला. तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही.

तो पंजाबी मित्राला परत गेला असं मी समजत होतो. परवा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट हाताला लागलं. पोतं होतं तसं ठेवलं आणि खाली उतरलो.