आधी काम ओळखा, मग कॉम्प्युटर घ्या

लग्नसराई आणि १४ एप्रिलची मिरवणूक एकाच मोसमात येतात. या दिवसांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शूटिंगवाल्या पोरांना झोपायला वेळ मिळत नाही. दिवसा कॅमेरा आणि रात्री मिक्सिंग. दुसऱ्याच्या स्टुडिओत दोन-तीन वर्षे राबले की आपलाही एक कॉम्प्युटर असावा असे वाटू लागते. ते योग्यच आहे. पण हे पैसे बहुधा आईच्या बचत गटातून, वडिलांच्या मजुरीतून किंवा कर्जातून येतात. घेतलेले यंत्र कामाचे निघाले नाही तरी हप्ता चुकत नाही. म्हणून आजचा मजकूर त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आहे, तसाच तो आईवडिलांसाठीही आहे.

यंत्र लहान असले तरी काम अडत नाही, हे मालेगावने दाखवून दिले आहे. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. संकलन कशावर केले? दोन व्हीसीआर जोडून! एकावर कॅसेट चालवायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवायचा. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना हिरवा पडदा आणि कॉम्प्युटर आला. फैजा अहमद खान यांनी २००८ साली त्यावर माहितीपट केला आणि तो जगभर पाहिला गेला. नासिरभाईंना आपल्याला काय करायचे आहे हे पक्के ठाऊक होते. यंत्र त्यांनी त्या मागोमाग आणले. आपणही तोच क्रम धरावा.

आता कामाची ओळख करून घेऊ. मिक्सिंग आणि रेंडरिंग ही दोन वेगळी कामे आहेत. मिक्सिंगमध्ये आपण दृश्ये निवडतो, कापतो, जोडतो. तेव्हा कॉम्प्युटर अडखळला की आपला वेळ जातो. रेंडरिंगमध्ये कॉम्प्युटर सगळ्या तुकड्यांची मिळून एक फिल्म तयार करतो. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एका तासाच्या फिल्ममध्ये ९०,००० चित्रे होतात. एका चित्राला सेकंदाचा दहावा भाग लागला तर अडीच तास, पाचवा भाग लागला तर पाच तास. हे काम रात्री आपण झोपल्यावरही होऊ शकते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने रेंडरिंगच्या वेगासाठी कर्ज वाढवू नये. मिक्सिंग सुरळीत चालेल एवढे आधी पाहावे.

मिक्सिंग सुरळीत चालणे कॅमेऱ्यावर अवलंबून असते. कॅमेरा एच.२६४ मध्ये चित्रण करतो की एच.२६५ मध्ये, ८ बिट की १० बिट, हे मेनूत पाहून वहीत लिहून घ्या. दाबून लहान केलेले हे चित्रण उलगडण्यासाठी इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सची सोय असते. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर ती सोय नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण मिक्सिंगवाल्याला तो महागात पडतो. नव्या कॅमेऱ्यांतील १० बिट ४:२:२ प्रकारचे एच.२६५ चित्रण तर अनेक महागड्या ग्राफिक्स कार्डांनाही नीट उलगडता येत नाही. एनव्हीडियाने ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. बाराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स मात्र ते काम करते.

मग ग्राफिक्स कार्ड घ्यावे की नाही? आपण कोणते सॉफ्टवेअर वापरणार त्यावर ते ठरते. लग्नाच्या धंद्यात चालणारे एडियस बरेचसे प्रोसेसरवर भागते. दा विंची रिझॉल्व्हला मात्र कार्ड लागते. त्याची मोफत आवृत्ती ४के अल्ट्रा एचडीपर्यंत फिल्म काढून देते, म्हणून चोरीचे सॉफ्टवेअर टाकून व्हायरस घरात आणण्याची गरज नाही. रॅम एचडीसाठी निदान १६ जीबी आणि ४के साठी ३२ जीबी धरावी. रॅमची एकच पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या बऱ्या. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांमुळे जगभर रॅमचे भाव झपाट्याने वाढले. तेव्हा जुन्या ओळखीच्या किमतीवर हिशेब न करता त्या दिवसाचा भाव विचारावा.

बजेट कमीच असेल तर ‘प्रॉक्सी’ची युक्ती आहे. मूळ चित्रणाच्या हलक्या नकला तयार करून त्यांवर मिक्सिंग करायचे आणि शेवटी रेंडर करताना मूळ चित्रण जोडायचे. या पद्धतीने साध्या कॉम्प्युटरवरही ४के चे काम निघते. शिवाय फिल्म मोबाईलवर आणि घरच्या टीव्हीवरच पाहिली जाणार असेल, तर ४के हवेच का हेही ग्राहकाला विचारावे. एचडीपेक्षा त्यात चौपट ठिपके असतात आणि कॉम्प्युटरवर भारही तसाच वाढतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की एका लग्नाचे ३६० जीबी झाले. दहा लग्नांत ४ टीबीची डिस्क भरत आली. चालू कामासाठी १ टीबीची एसएसडी हवी आणि साठवणीसाठी मोठी हार्ड डिस्क. शिवाय त्याच चित्रणाची दुसरी नक्कल वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी. जुनी कॅसेट हळूहळू धूसर होत जायची, तेव्हा कळायचे तरी. हार्ड डिस्क काल चालत होती आणि आज चालत नाही, असे होते. त्रिशरण-पंचशील घेणारी ती नवरा-नवरी आणि मांडवात उभे असलेले आजोबा यांचे दुसरे चित्रण करता येत नाही. पुढच्या वर्षी आजोबा नसतीलही. रेंडरिंग उशिरा झाले तर ग्राहक दोन शब्द बोलेल, पण चित्रण गेले तर आपण काय परत देणार? ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्या, पण दुसरी डिस्क घ्याच. दोन्हीकडे नक्कल झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

आपल्या भागातील आणखी दोन अडचणी म्हणजे लाईट आणि ऊन. रेंडरिंग चालू असताना लाईट गेली तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मोठे कार्ड लावले तर यूपीएसही मोठा लागेल, हा खर्च कार्डाच्या किमतीत धरावा. घरात अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे थोडा गारवा असतो, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावकडे उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापते. टिनाच्या छताखाली लॅपटॉपवर तासन् तास रेंडरिंग करू नये. तापला की तो आपोआप मंद होतो. त्याच पैशात डेस्कटॉप अधिक काम देतो, खोलून धूळ काढता येते आणि एखादा भाग पुढच्या हंगामातही वाढवता येतो.

जुना कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. नवीन घेताना अकोला असो की छत्रपती संभाजीनगर, पक्के बिल घ्यावे आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर त्यावर लिहून घ्यावा. वॉरंटी त्यावरच मिळते. सावकाराकडे जाण्याआधी बँकेत २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेची चौकशी करावी. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही विचारावे.

दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्याचे चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन जा. ते तेथे लावून दोन कॅमेऱ्यांचे पाच मिनिटे मिक्सिंग करून पाहा. सोबत आईला किंवा वडिलांना न्या. चित्र अडखळत असेल तर तेही त्यांना दिसेल, आणि पैसे मोजण्याआधी दिसेल.