संगणकाचा खेळ आणि रिकामी खुर्ची

दिवाळी सरली की अंबड-घनसावंगीकडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांची वाट धरतात. सोबत गेलेली मुले परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. संगणकावरील खेळांनी या मुलांना गणिताची गोडी लागेल, हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. बडोद्याच्या पालिका शाळांत २००२ ते २००४ या काळात चौथीच्या मुलांना आठवड्यास दोन तास असे खेळ दिले, गणित सुधारले. पण वर्षभरात त्यातले बरेचसे ओसरले. वस्तीतल्याच शिकलेल्या ‘बालसखी’ याहून फारच थोड्या खर्चात शिकवीत होत्या! गुजरातेतीलच ज्ञानशाळेचा अनुभव अधिक बोलका. शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक आला तेव्हा मुले मागे पडली. तासाखेरीज आला तेव्हा कच्ची मुलेही सावरली.

संगणकसंच एकदाच विकत घ्यावा लागतो, पगार दरमहा. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून ‘डिजिटल शाळा’ मिरविण्यामागचे अर्थशास्त्र एवढेच आहे. कार्यकर्त्यांनी संचांना विरोध करण्याचे कारण नाही. हंगामी वसतिगृह गाड्या निघण्यापूर्वी उघडले काय, आणि तेथे सायंकाळी मुलांजवळ कोण बसते, हे मात्र त्यांनी जिल्हा परिषदेस विचारावे, आणि दिवाळीच्या आधीच विचारावे.