चौथ्या बोटाचे पंख

पहिली-दुसरीतल्या पोरांना चित्र रंगवायला दिले की ती घटकाभर गप्प बसतात, एवढाच आपण रंगकामाचा उपयोग समजतो. पण रंगवताना पोर प्रत्येक रेषेवरून हात फिरवते आणि प्रश्नही तेव्हाच विचारते. त्या वेळी आपण शेजारी बसलो तर तोच अभ्यास होतो. आज आम्ही एक विषय सुचवतो : कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशात उडणारे सरपटणाऱ्या वर्गातले प्राणी. त्यांना टेरोसॉर म्हणतात.

महागडे पुस्तक नको. पाठकोरा कागद, पेन्सिल आणि चार-सहा रंगीत खडू पुरे. मुलाचा हात कागदावर ठेवून बोटांभोवती रेघ काढा. करंगळी सोडा, टेरोसॉरला ती नव्हतीच. आता अंगठ्यापासूनचे चौथे बोट कागदाच्या कडेपर्यंत लांबवा. त्याच्या टोकापासून अंगापर्यंत कातडीचा पडदा काढा. झाला पंख! उरलेली तीन बोटे नखांसकट मोकळी. शेजारी वटवाघूळ काढा : त्याचा पडदा चार बोटांवर ताणलेला, अंगठा मोकळा. मग पक्षी काढा : त्याचा पंख पिसांचा. तिघेही उडतात, पण प्रत्येकाची रीत निराळी. हाताने काढलेले पाठ करावे लागत नाही.

बाजारातल्या चित्रांत चुका असतात, त्या मुलांनाच शोधू द्या. टेरोसॉरला डायनोसॉर म्हटलेले असते. ते डायनोसॉरांचे भाऊबंद खरे, पण घराणे वेगळे. आजचे पक्षी मात्र डायनोसॉरांच्याच वंशातले. टेरानोडॉनच्या चोचीत दात दाखवतात. त्याच्या नावाचाच अर्थ पंख असलेला, दात नसलेला. कुठे खाली भाला घेतलेला माणूस उभा असतो. टेरोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. आपल्यासारखा माणूस जेमतेम तीन लाख वर्षांचा.

आकार समजावायला सुतळी घ्या. अमेरिकेतील टेक्सासमध्ये १९७१ साली डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला क्वेट्झलकोटलसची हाडे सापडली. त्याचे पंख पसरले की सुमारे १० मीटर, म्हणजे ३३ फूट. आपली दहा बाय बाराची खोली लांबीने तीनदा मांडावी तेवढे! गल्लीत सुतळी पसरून पोरांना तिच्यावर हात पसरून रांगेत उभे करा.

मुले विचारतील, रंग कोणता देऊ? इथे घाईने उत्तर देऊ नका. हाडांवरून रंग कळत नाही. ब्राझीलच्या टुपानडॅक्टिलसच्या तुऱ्याजवळ पिसे होती आणि त्यांत निरनिराळ्या आकारांचे रंगकण होते, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हे प्राणी एकरंगी राखाडीच असतील असे नाही. तेव्हा जांभळा दिला म्हणून पोराला रागावू नका. रंग का निवडला, एवढे विचारा.

मुलींना मेरी अॅनिंगची गोष्ट जरूर सांगा. इंग्लंडच्या लाइम रेजिस गावातली ही सुताराची मुलगी. बाप लवकर गेला. समुद्रकाठच्या कड्यांतले जीवाश्म काढून, विकून ती घर चालवी. १८२८ साली तिने टेरोसॉर शोधला, त्याला पुढे डायमॉर्फोडॉन हे नाव मिळाले. पण लंडनच्या भूविज्ञान संस्थेत स्त्रियांना सदस्यत्वच नव्हते; ते १९१९ साली खुले झाले. मेरी १८४७ सालीच वारली होती. ज्ञान तिच्या हातात होते, दार दुसऱ्यांच्या.

चित्र पुरे झाले की खाली दोन रकाने आखा. एकात 'हाडांवरून कळलेले', दुसऱ्यात 'आमचा अंदाज'. बोट पहिल्यात, जांभळा रंग दुसऱ्यात. हे दोन रकाने वेगळे ठेवायला शिकलेले पोर उद्या कोणाचेही बोलणे ऐकून आधी विचारील, हे कशावरून? रविवारचा एक तास त्यासाठी काढाच.