जखम आजची, दुखणं जुनं

एप्रिल-मेच्या परीक्षेत गोंदियातला पारा पंचेचाळिसाकडे सरकतो. घामानं पेपर ओला होतोय, तरी एखादं पोर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतं आणि बाही जराही वर सारत नाही. पर्यवेक्षकाच्या हे सहसा लक्षात येत नाही. पुढे कधी खुणा दिसल्याच, तर चौकशी ठरलेली असते : पेपर अवघड गेला का, मोबाइलवर कोणाशी बोलणं चालतं, प्रेमभंग झाला का. हे विचारायलाच हवं, पण तेवढ्यानं भागत नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्या तरुणाचं दुखणं पुष्कळदा कॉलेजात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधीचं असतं. नापास होणं हे निमित्त ठरतं.

व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली अमेरिकेतल्या हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवर होणारी हिंसा, घरातलं व्यसन अशा बालपणीच्या अनुभवांची त्यात मोजदाद होती. असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त आढळला. आपल्याकडे केंद्र सरकारनं २००७ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसलेला होता. रडलं तर आणखी मार बसतो, हे ज्या मुलाला लहानपणीच कळतं ते रडणं गिळायला शिकतं. वय वाढलं तरी आतली कालवाकालव थांबत नाही. मग अंगाच्या वेदनेनं ती घटकाभर दबते आणि तोच मार्ग वाटू लागतो. यात दरवेळी मरायची इच्छा असते असं नाही, पण धोका खरा असतो.

‘आम्हीही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं?’ हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. मार खाल्लेला प्रत्येकजण खचत नाही, हे खरंच आहे. पण जे सावरले, त्यांना बहुधा एखादी आजी, एखादे गुरुजी, एक तरी भरवशाचं माणूस लाभलेलं असतं. ज्याला ते लाभलं नाही, त्याला स्वतःच्या सुदैवाची फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा : ही सारी माहिती आठवणींवर उभी आहे, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध होत नाही. मान्य. मात्र माणसं असे अनुभव रचून सांगण्यापेक्षा लपवतात जास्त. तेव्हा हे आकडे फुगलेले असण्यापेक्षा अपुरे असण्याचीच शक्यता अधिक.

याचा अर्थ सगळा दोष आईबापांच्या माथी मारायचा, असा मुळीच नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागात धानाचा हंगाम सरला की कामाच्या शोधात गाव सोडणारी कुटुंबं आहेत. लेकरू आजी-आजोबांकडे किंवा आश्रमशाळेत राहतं. ही पोटाची अडचण आहे, क्रौर्य नव्हे. पण सहा वर्षांच्या लेकराला एकटेपण तेवढंच कळतं. म्हणून आश्रमशाळेच्या अधीक्षकाला मुलांशी कसं बोलावं, याचं प्रशिक्षण देणं ही कॉलेजातल्या आत्महत्या रोखण्याचीच पहिली पायरी आहे.

विचारलं तर पोराच्या डोक्यात नको ते येईल, ही भीती शिक्षकांना वाटते. ती निराधार आहे. शांतपणे, एकांतात विचारल्यानं धोका वाढत नाही, असंच संशोधन सांगतं. घरच्यांना वेगळी धास्ती असते : पोलीस केस होईल. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत समुपदेशक नेमायला सांगितलं, लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायला सांगितलं. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञानं महिन्यातून दोनदा देवरीच्या कॉलेजात बसावं, एवढी मागणी तरी पालकांनी लावून धरावी. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत, रात्रंदिवस चालणारा क्रमांक प्राचार्यांच्या कपाटातल्या परिपत्रकात न ठेवता वसतिगृहात, मेसच्या वेळापत्रकाशेजारी, मोठ्या अक्षरांत लावावा. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथं दिवसातून दोनदा पडते.