शिशावरचा दुसरा ठसा

गेल्या आठवड्यात एका वाचकाने कागदाच्या पुडीतून शिशाचं जुनं नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं. "कसं लख्ख केलंय बघा की सर!" लख्ख होतंच. चिंच-मीठ लावून, काथ्याने घासून त्यांनी त्याचं पार बटण केलं होतं.

खिशातल्या रुपयाला असं घासलं तरी बिघडत नाही, त्याचा पत्ता त्यावर ठळक असतो. सालाखाली शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर टांकसाळ मुंबईची, चांदणी असेल तर हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता. २००० सालाच्या आसपास आपण काही नाणी मॉस्कोतही पाडून घेतली, त्यांवर तिथल्या टांकसाळीची रशियन आद्याक्षरं आहेत.

पण त्या वाचकाच्या नाण्यासारख्या, आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या नाण्यांवर इतका सरळ पत्ता नसतो. पंचगंगेकाठच्या या टेकाडात एकोणिसाव्या शतकातच शिशाच्या नाण्यांचा साठा सापडला होता. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. नाण्यांच्या एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसरीकडे कमानींचा डोंगर आणि कठड्यातलं झाड. राजे तीन : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. नाण्यांवर साल नाही. मग आधी कोण, नंतर कोण?

उत्तर ठशाखालच्या ठशात मिळालं. नव्या राजाने जुनी नाणी वितळवण्याचा खटाटोप न करता त्यांच्यावरच आपला ठसा मारला. घाव जिथे कमी बसला तिथे आधीच्या धनुष्याची दोरी, एखादं अक्षर तसंच राहिलं. सिवलकुराच्या ठशाखाली वासिठीपुत दिसतो, गोतमीपुताच्या ठशाखाली हे दोघेही. राजांचा क्रम लागला तो अशा अर्धवट पुसलेल्या रेघांवरून. (टांकसाळीतल्या कामगाराच्या आळसाचे आपण ऋणी आहोत, असं मला नेहमी वाटतं.)

शिसं नखानेही ओरखडतं. त्यावर काथ्या फिरवला की आधी जाते ती हीच पुसट रेघ. वरचा राखाडी थर मळ नव्हे, नाण्याची कातडी आहे. आंबट पदार्थ तर शिशाला खातात. नाणं कडेने धरा, खिडकीपाशी तिरप्या उजेडात भिंगाखाली फिरवा. नंतर हात मात्र साबणाने धुवा, शिसं विषारी असतं.

त्या वाचकाच्या नाण्यावर बाणाचं टोक तेवढं उरलंय. घरी आणखी चार आहेत म्हणाले, अजून न घासलेली. येत्या रविवारी ती बघायला मी स्वतःच त्यांच्याकडे जाणार आहे.

— नाणेवेडा